विधी महाविद्यालयात न शिकवला जाणारा विषय

तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकून कला शाखेची पदवी घेतलेला शेतमजुराचा मुलगा विधी महाविद्यालयात पाऊल टाकतो, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्याच्या हाती करार कायद्याचे जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि निकालपत्रांची एक यादी पडते. निकालपत्र वाचायचे कसे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. वस्तुस्थिती कोठे संपते आणि वादाचा मुद्दा कोठे सुरू होतो, वकिलांचे म्हणणे कोणते आणि न्यायाधीशांचे स्वतःचे मत कोणते, त्या मतातील बंधनकारक भाग किती आणि ओघात केलेले भाष्य किती, हा विवेक करता येणे म्हणजेच वस्तुतः कायद्याचे शिक्षण. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने अकरा निकालपत्रे लिहिली आणि त्यांची पाने सुमारे सातशे भरली. अशा अरण्यात वाटाड्यावाचून सोडलेला विद्यार्थी बाजारातल्या गाइडकडे वळला तर दोष कोणाचा? गाइड त्याला उत्तीर्ण करते. वकील करीत नाही.

वकिलाच्या मुलाला ही वाट घरीच कळते. जेवताना खटल्यांची चर्चा कानावर पडते, रविवारी वडिलांच्या कार्यालयात दाव्यांचे मसुदे चाळायला मिळतात. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने अशा संचिताला सांस्कृतिक भांडवल म्हटले. जमीनजुमल्याप्रमाणेच हे भांडवलही वारशाने येते. फरक इतकाच की त्याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही. त्यावर परीक्षेत गुण मिळतात आणि त्या गुणांना पुढे ‘गुणवत्ता’ असे भारदस्त नाव दिले जाते.

महाराष्ट्रात या विषमतेला भाषेचा आणखी एक पीळ आहे. राज्याची विधी प्रवेश परीक्षा मराठीतही देता येते. वकिलीची सनद टिकविण्यासाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय परीक्षाही मराठीत देता येते. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा तर मराठीच आहे. परंतु या दोन टोकांच्या मधली तीन किंवा पाच वर्षे अध्यापन, प्रमाणग्रंथ आणि निकालपत्रे यांवर इंग्रजीचेच राज्य चालते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेने तर दाराशीच इंग्रजीचा पहारा बसविला आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांची नावे संस्कृतप्रचुर झाली. उच्च न्यायालयातील युक्तिवाद मात्र इंग्रजीतच चालू राहिला.

यावर काही मित्रांचा सरळ उपाय असतो : कायद्याचे सर्व शिक्षण मराठीत करा. मागणीमागील न्याय मान्य केला पाहिजे. पण राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च व उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी ठेवली आहे. राज्यपालांना राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने उच्च न्यायालयात राज्यभाषेस मुभा देता येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार येथे हिंदीला ती मिळाली, महाराष्ट्रात मराठीला मिळालेली नाही. ती मिळेपर्यंत केवळ मराठीत शिकलेला गरिबाचा मुलगा तालुक्याच्या कोर्टात अडकून पडेल आणि वरची न्यायालये आहेत त्यांच्याच ताब्यात राहतील. म्हणून मराठीतून समजावून देत इंग्रजी निकालपत्रापर्यंत हात धरून नेणे, हाच आजचा व्यवहार्य मार्ग आहे. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश ग्रंथालयाच्या कपाटातून वर्गात आणला तरी प्रारंभ होईल.

असे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मागास व अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्गांची योजना आखली होती. हेतू चांगला, पण नावातच रोगाची कल्पना. असा वर्ग नेहमीच्या तासांनंतर भरवायचा म्हटले की दुपारी नोकरीवर जाणारा किंवा शेवटची एसटी गाठणारा विद्यार्थी त्यातून आपोआप गळतो. जो बसतो त्याच्या कपाळी ‘कच्चा’ असा शिक्का बसतो. शमनाद बशीर यांनी २०१० साली सुरू केलेल्या ‘इडिया’ या उपक्रमाने वंचित घरांतील मुलांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांपर्यंत पोहोचविले, प्रवेशानंतरही त्यांची पाठराखण केली. त्याचे मोल मोठे आहे. मात्र सार्वजनिक कर्तव्याची जागा सेवाभावी कार्य किती भरून काढणार?

अमेरिकेत १९६८ साली गरीब आणि अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी विधी शिक्षणापूर्वीचे उन्हाळी वर्ग एका राष्ट्रीय योजनेतून सुरू झाले. आज तेथील विधी महाविद्यालयांच्या मान्यतेच्या नियमांतच अभ्याससाहाय्याची अट आहे. त्या देशातील विधी शिक्षण विद्यार्थ्याला कर्जात बुडविणारे आहे, तेव्हा त्यांचे सगळेच उचलण्याजोगे नाही. परंतु साहाय्य ही कृपा नसून संस्थेचे बंधन आहे, हे तत्त्व घेण्यासारखे आहे. आपल्या बार कौन्सिलने ग्रंथालय, वर्गखोल्या आणि तुकडीतील विद्यार्थिसंख्या यांचे नियम केले. मग निकालपत्राचे वाचन, उत्तराची मांडणी आणि मसुदालेखन हे पहिल्या सत्रात, मुख्य वेळापत्रकात, वकिलाच्या मुलासह सर्वांना शिकविण्याचा नियम का करू नये?

दर्जा घसरेल ही ओरड होईलच. ज्या पद्धतीत गाइडवर पदवी मिळते, तिच्यात घसरण्याजोगा दर्जा किती उरला आहे, हे ओरड करणाऱ्यांनीच सांगावे.

खरी अडचण पैशाची आहे. लेखन सुधारते ते कोणीतरी वाचून, खुणा करून परत दिल्याने. साठ विद्यार्थ्यांच्या तुकडीने आठवड्याला एकेक टिपण लिहिले आणि प्रत्येकावर दहाच मिनिटे खर्च झाली, तरी अध्यापकाचे दहा तास लागतात. अनेक महाविद्यालयांचा गाडा मात्र तासिका तत्त्वावरील अध्यापक ओढीत आहेत, आणि त्यांना मानधन मिळते ते वर्गात उभे राहिलेल्या तासांचे. घरी नेऊन तपासलेल्या साठ वह्यांचा हिशेब त्यांच्या देयकात कोठेच बसत नाही.