पगार किती कमी घ्याल?

सेवाभावी संस्थेतली नोकरी म्हणजे खादीचा कुर्ता, शबनम बॅग आणि ‘या, बसा, चहा घेणार?’ टाइप घरगुती इंटरव्ह्यू, असं वाटत असेल तर बॉस, आधी तो समज डोक्यातून काढून टाका. गेली नऊ वर्षं मी साबण-शाम्पू विकतेय. ब्रँडवाल्यांचे इंटरव्ह्यू कोळून प्यायलेय. पण गेल्या महिन्यात एका मोठ्या आरोग्य संस्थेच्या चार राउंड्सनी जो घाम काढला, तसा कुठल्या मल्टिनॅशनलने काढला नव्हता. संस्थेचं नाव सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच. गरीब पेशंट्सना मोठ्या आजारांच्या उपचारांसाठी पैसे उभे करून देणारी संस्था, एवढं पुरे. पोस्ट फंडरेझिंग मॅनेजरची. म्हणजे शुद्ध मराठीत, पैसे मागायची.

पहिली लेखी परीक्षा. कॉलेजनंतर पहिल्यांदाच हातात पेन धरून तासभर लिहिलं. एक प्रश्न असा, की परदेशातून 10 लाखांची देणगी आलीय, त्यातले ऑफिसखर्चाला किती वापराल? माझ्या शेजारचा बँकेतला मुलगा बाहेर आल्यावर छातीठोकपणे म्हणाला, ‘पाच लाख!’ बिचारा जुनं वाचून आला होता. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये बदल झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून थेट 20 टक्क्यांवर आली. म्हणजे जास्तीत जास्त दोन लाख. अशा संस्थेत जाणार असाल तर हे घोकूनच जा. तसंच कंपनी कायद्याचं कलम 135. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, हे 1 एप्रिल 2014 पासून. सीएसआर सीएसआर म्हणून जो गजर आपल्या ऑफिसात चालतो, तो हाच. तुम्ही टी-शर्ट घालून जे झाड लावता, त्याचा उगम तिथे आहे.

दुसरा राउंड पॅनेलचा. मी ‘कॅम्पेन’, ‘टार्गेट ऑडियन्स’ वगैरे फेकायला सुरुवात केली. मुंबईत 2004 पासून मॅरेथॉन होतेय, तिच्या निमित्ताने संस्था कसे पैसे उभारतात, त्यावर माझं पाच मिनिटांचं भाषण तयार होतं. तेही झालं. सगळे माना डोलावत होते. एक सोडून. टेबलाच्या टोकाला सुती साडीतल्या एक सोशल वर्करबाई बसल्या होत्या. पंचवीसएक वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डांत काढलेल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘एक कंपनी 25 लाख द्यायला तयार आहे. अट एकच. आजारी मुलांसोबत त्यांच्या साहेबांचा चेक देतानाचा फोटो, पेपरात छापायला. काय कराल?’

मी म्हटलं, फोटो नाही देणार. मुलांची चित्रं देऊ, आकडे देऊ, नाव बदलून गोष्ट सांगू.

‘आणि ते नाही म्हणाले तर?’

‘मग पैसे सोडू.’

‘बरं. मग ज्या आईला आम्ही उद्या पैसे मिळतील म्हणून सांगितलंय, तिला हे सांगायला वॉर्डात तुम्ही जाल का मी जाऊ?’

सन्नाटा! एसी असूनही कपाळावर घाम. शेवटी म्हटलं, ‘मी जाईन. पण आधी तिलाच विचारेन, फोटो चालेल का म्हणून. आणि नाही म्हणालीस तरी तुझ्या मुलाचे पैसे थांबणार नाहीत, असं आपण आधी ठरवलेलं असलं पाहिजे. नाहीतर त्या परवानगीला अर्थ काय?’ बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बरोबर की चूक, चेहऱ्यावर काही नाही. हा प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तिसऱ्या राउंडला खुर्चीच नव्हती. एक अख्खा दिवस बाईंबरोबर हिंडायचं. सकाळी परळ. टाटा मेमोरियल 1941 पासून तिथे आहे आणि देशभरातून माणसं येतात, हे आपल्याला जनरल नॉलेजसारखं माहीत असतं. फुटपाथवर पथारी टाकून, प्लास्टिकच्या पिशवीत फाइल छातीशी धरून बसलेलं कुटुंब बघितलं की ते जनरल राहत नाही. दुपारी एका धर्मादाय हॉस्पिटलात. मुंबई हायकोर्टाच्या 2006 च्या योजनेप्रमाणे अशा हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण त्यासाठी कागद लागतात. बीडहून आलेल्या एका बाईंकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नव्हता. गावी जाऊन आणायचा तर मुलाजवळ कोण थांबणार? सोशल वर्करबाईंनी तासभर फोन करून गावातल्या कुणा पुतण्याला कामाला लावलं. त्या तासाचे पैसे कुठला दाता देतो, सांगा. ‘माझा प्रत्येक रुपया पेशंटलाच गेला पाहिजे,’ असं आपण सगळेच म्हणतो. मीही देणगी देताना तेच बघत आलेय. आता वाटतं, तो तास हाच उपचार होता. दाखल्याशिवाय खाट नाही.

निघताना त्या बीडच्या बाईंनी विचारलं, ‘ताई, तुमी उद्या येणार ना?’ मी इंटरव्ह्यूला आलेय, हे त्यांना कसं सांगणार!

आणि मग चौथा राउंड. पगार. एक विश्वस्त काका, तोंडभर हसून: ‘बेटा, ही तर सेवा आहे. किती कमी घेशील?’ एचआरने कागद सरकवला. आत्ताच्या पगारापेक्षा 40 टक्के कमी. पाठोपाठ, लग्नाचं काय ठरलंय? हा प्रश्न मला शाम्पूवाल्यांनीही कधी विचारला नाही. सेवा म्हटली की सगळंच विचारता येतं बहुतेक. मी म्हटलं, काका, पगाराचं बोलू. माझा होम लोनचा हप्ता बँक सेवा म्हणून सोडत नाही.

मग मी माझे प्रश्न काढले. तुम्हीही काढा, लाजू नका. या पोस्टचा पगार कुठल्या देणगीतून येतो? ती देणगी कधी संपते? पीएफ आहे का? ऑडिट झालेले हिशेब बघायला मिळतील? उत्तर मिळालं: प्रोजेक्ट मार्चपर्यंत, कॉन्ट्रॅक्ट 11 महिन्यांचं. म्हणजे मार्चनंतरचा माझा पगार मीच उभा करायचा! हिशेब मात्र त्यांनी लगेच दाखवले, आणि स्वच्छ होते. त्याचे मार्क द्यायलाच हवेत.

घरी बाबा म्हणाले, ‘पुण्य शनिवार-रविवारी कर की.’ आई काही बोलली नाही. तिने नुसता कॅल्क्युलेटर पुढे केला. हप्ता, लोकल, आजीची औषधं... बेरीज तीनदा केली. गाडीचं स्वप्न खोडलं, जिम खोडलं, तरी दरमहा सहा हजार कमी पडत होते. तेवढेच वाढवून मागितले, शिवाय पीएफ. दहा दिवस काही उत्तर नाही. अकराव्या दिवशी मेल आला. पीएफ मान्य, वाढ चार हजार.

मी हो म्हटलंय. उरलेले दोन हजार कुठून काढायचे, ते बघतेय. रात्री सोशल वर्करबाईंचा व्हॉट्सअॅप आला: ‘सोमवारी 8 ला ओपीडी. हील्स नकोत. बीडचा दाखला आला.’