एमटीव्हीसाठी रडून झालं असेल तर जरा सह्याद्रीकडे बघू

31 डिसेंबर 2025 ला ब्रिटनमधल्या एमटीव्हीच्या पाच संगीतवाहिन्या बंद झाल्या आणि इकडे पुण्या-ठाण्यापासून न्यू जर्सीपर्यंत आपल्या मराठी पंचेचाळिशीने सुतक पाळलं. ‘एमटीव्ही गेली’ असंच बहुतेकांनी लिहिलं. मंडळी, ती गेलेली नाही. गाणी दाखवणाऱ्या वाहिन्या गेल्या, रिॲलिटी शो दाखवणारी मुख्य वाहिनी शाबूत आहे. रडायच्या आधी मयत नक्की कोण झालंय ते तरी बघा.

नंतर सगळीकडे तेच वर्णन. हॉलमधला टीव्ही, आवाज जेमतेम ऐकू येईल इतका, बाबा आत घोरतायत, आणि रात्री साडेबाराला असं एक गाणं लागतं की शब्द एक कळत नाही पण झोप उडते. आठवण खरी आहे, माझीही आहे. (आमचा केबलवाला अकरानंतर एमटीव्ही काढून त्या जागी नव्या हिंदी सिनेमाची चोरटी कॅसेट लावायचा, त्यामुळे माझं संगीतशिक्षण जरा तुटक झालं.) पण ही आठवण कोणाची, तेही बघू या. केबल परवडणाऱ्या घरातली. थोडंफार इंग्रजी कानावर पडलेल्यांची. आणि बहुतांशी मुलग्यांची. हॉलमध्ये मध्यरात्री एकटीने टीव्ही बघत बसायची मुभा त्या काळात किती घरांत मुलीला होती? बायकोला, बहिणीला विचारा. मग ‘आपल्या पिढीचं’ वगैरे लिहा.

आता मुद्दा. या सगळ्या पोस्टींत एक गृहीतक आहे की एमटीव्हीला वेगळ्या संगीताची कदर होती, नंतर कुठंतरी बिघडलं. हे खोटं आहे.

अमेरिकेत एमटीव्ही 1 ऑगस्ट 1981 ला सुरू झाली. वेगळं, न खपणारं संगीत दाखवणारा तिचा गाजलेला कार्यक्रम ‘120 मिनिट्स’ आला 1986 मध्ये. वेळ कुठली, तर रविवारच्या मध्यरात्रीनंतरची. सोमवारी ज्याला शाळा-कामधंदा आहे तो जागाच नसतो अशी वेळ. ती वेळ रसिकांसाठी राखून ठेवलेली नव्हती. जाहिरातदाराला नको असलेली, शिळ्या भाकरीसारखी उरलेली वेळ होती ती, म्हणून चार संगीतवेड्या माणसांना तिथे हवं ते करायची मोकळीक मिळाली. त्यांनी सोनं केलं, हे श्रेय त्या माणसांचं. वाहिनीचं नाही.

पुढे काय झालं बघा. निर्वाणाच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’चा व्हिडिओ 29 सप्टेंबर 1991 ला याच कार्यक्रमात पहिल्यांदा लागला. जानेवारी 1992 मध्ये त्यांच्या अल्बमने अमेरिकेच्या यादीत मायकल जॅक्सनला पहिल्या जागेवरून खाली उतरवलं. म्हणजे मध्यरात्रीचा माल दिवसा खपतो हे सिद्ध झालं. माल दिवसाच्या दुकानात गेला. आणि त्याच 1992 साली एमटीव्हीवर ‘द रिअल वर्ल्ड’ सुरू झाला, अनोळखी तरुणांना एका घरात ठेवून त्यांची भांडणं दाखवणारा. गाण्यापेक्षा भांडण खपतं हा शोधही त्याच सुमाराचा. 2000 साली ‘120 मिनिट्स’ मुख्य वाहिनीवरून गेला, काही काळ धाकट्या वाहिनीवर तगला, 2003 मध्ये संपला.

आणि मध्यरात्रीची दुसरी बाजू तर कोणी लिहीतच नाही. 1983 मध्ये डेव्हिड बोवीने एमटीव्हीच्याच निवेदकाला कॅमेऱ्यासमोर धरलं होतं. कृष्णवर्णीय कलाकार तुमच्या वाहिनीवर इतके कमी का, आणि जे थोडे दिसतात ते पहाटे अडीचच्या सुमारालाच का, असा त्याचा रोख होता. निवेदकाने छोट्या गावांतल्या प्रेक्षकांचं कारण पुढे केलं. म्हणजे ज्या वेळेला आपण स्वर्ग म्हणतोय ती काही लोकांसाठी गावकुसाबाहेरची जागा होती. मुख्य रस्त्यावर यायचं नाही, रात्री या. हे समजायला मराठी माणसाला अमेरिकेचा इतिहास वाचायची गरज नाही.

भारतातली गोष्ट थोडक्यात. 1991 मध्ये एमटीव्ही आपल्याकडे आली ती हाँगकाँगच्या स्टार टीव्हीबरोबर. 1994 मध्ये दोघांचं फाटलं, स्टारने चॅनल व्ही काढली, 1996 मध्ये एमटीव्ही वेगळी भारतीय होऊन परतली. 1993 मध्ये मुंबईच्या इंडस क्रीडला ‘प्रिटी चाइल्ड’साठी एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला होता, वाटलं होतं आता काहीतरी होणार. झालं ते असं की 2003 मध्ये ‘रोडीज’ आलं. चॅनल व्ही 2018 मध्ये बंदच झाली. मधे 2014 ला ‘पेप्सी एमटीव्ही इंडीज’ नावाची चक्क चोवीस तास स्वतंत्र संगीताची वाहिनी निघाली. दोन-अडीच वर्षं टिकली. 2016 मध्ये तिच्या जागी ‘एमटीव्ही बीट्स’ आली, हिंदी सिनेमाची गाणी घेऊन. कंपन्यांना दोष देत नाही. कंपनी नफ्यासाठीच असते, किराणा दुकानदाराकडून आपण ग्रंथालय चालवायची अपेक्षा करत नाही. प्रश्न आपल्याला आहे की आपण त्या दुकानाच्या बंद शटरवर फुलं का वाहतोय.

कारण दुसऱ्या प्रकारची गोष्टही जगात घडली आहे, आणि ती अजून चालू आहे.

ऑस्ट्रेलियात एबीसी ही सार्वजनिक प्रसारणसंस्था आहे, आपल्या दूरदर्शनसारखी लोकांच्या पैशावर चालणारी. तिने 1987 मध्ये ‘रेज’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री उशिरा सुरू व्हायचा आणि पहाटेपर्यंत व्हिडिओमागून व्हिडिओ. निवेदक नाही, बडबड नाही, स्पर्धा नाही, परीक्षक रडत नाहीत. मधूनमधून एखाद्या बँडला किंवा गायिकेला बोलावतात आणि सांगतात, आजची रात्र तुझी, तुला आवडतं ते लाव. मग पंक वाजवणारा माणूस जुनी डिस्को लावतो आणि बघणाऱ्याच्या डोक्यातल्या भिंती पडतात. दूरच्या शेतावर राहणाऱ्या पोरालाही सिडनीतल्या पोराइतकंच दिसतं. कार्यक्रम आजही आहे. चाळीशीकडे आला. ज्या वर्षी तो सुरू झाला त्याच सुमारास एबीसीने लोकांना सांगितलं होतं की आम्ही तुम्हाला दिवसाला आठ सेंटला पडतो. आठ सेंट.

त्याच देशात 1994 मध्ये एसबीएस ही दुसरी सार्वजनिक वाहिनी आणि ट्रिपल जे हे सार्वजनिक रेडिओ केंद्र यांनी मिळून नवोदितांची स्पर्धा घेतली. न्यूकॅसल गावातली तीन शाळकरी पोरं जिंकली. बक्षीस म्हणून त्यांचं ‘टुमॉरो’ हे गाणं नीट ध्वनिमुद्रित करून दिलं आणि व्हिडिओ केला. ते गाणं देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. सिल्व्हरचेअर हे नाव तुमच्यातल्या काहींच्या कॅसेटवर असेल. बापाकडे पैसा नाही, ओळख नाही, आणि सरकारी पैशातून एक दार उघडलं.

इथे एक जण नक्की म्हणणार, अहो कशाला हवंय हे, यूट्यूबवर सगळं आहे. आहे ना. कोठारात सगळंच धान्य असतं. यूट्यूब मला काल आवडलं त्याच्यासारखंच आज दाखवतं, कारण मी तिथून उठू नये एवढाच त्याचा हेतू. मध्यरात्रीच्या टीव्हीची गंमत नेमकी उलटी होती. मी न मागितलेलं, कदाचित मला नावडणारं, दुसऱ्या कोणीतरी डोकं लावून निवडलेलं समोर यायचं, आणि तेच त्याच रात्री आणखी हजारोंनी पाहिलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कट्ट्यावर बोलायला विषय. आज मराठीत रॅप आहे, मेटल आहे, शाहिरी जलशाची नवी रूपं आहेत. आरेच्या जंगलासाठी स्वदेसीने प्रकाश भोईर यांना घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं 2019 मध्ये. तुमच्या आईने ऐकलंय? तुमच्या गावातल्या सरांनी? नाही, कारण त्यांनी शोधलं नाही आणि त्यांना ते कोणी दाखवलंही नाही.

दाखवायचं कोणी? ज्याचं ते काम आहे त्याने. 1995 मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकाल लिहिणारे आपलेच न्यायमूर्ती पी. बी. सावंत. प्रसार भारती कायद्याचं कलम 12 देशातल्या विविध प्रदेशांच्या संस्कृती आणि भाषांना पुरेसं स्थान द्यायला सांगतं. पैसा नाही म्हणावं तर जानेवारी 2023 मध्ये केंद्राने आकाशवाणी-दूरदर्शनच्या पायाभूत सुविधांसाठी सुमारे 2,540 कोटींची योजना मंजूर केली. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे ॲप आलं. यंत्रं येतायत, ॲप येतायत. रात्री बारा वाजता सह्याद्री वाहिनीवर काय लागतं हे तुमच्यापैकी किती जणांना छातीठोक सांगता येईल?

सरकारच्या हातात गाणी दिली की काय होतं हेही मला माहीत आहे. बाळकृष्ण केसकर, पुण्याचेच, 1952 पासून दहा वर्षं माहिती आणि प्रसारण मंत्री होते. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाच्या गाण्यांना हाकललं, लोकांनी रेडिओ सिलोन लावला आणि बिनाका गीतमालेला डोक्यावर घेतलं. शेवटी 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली. मंत्र्याची आवड म्हणजे सार्वजनिक प्रसारण असं मी म्हणतच नाहीये. ‘रेज’मध्ये रात्र कलाकाराच्या हाती देतात, खात्याच्या सचिवाच्या नाही. भांडायचं ते एवढ्यासाठीच.

मागणी साधी आहे. सह्याद्रीवर शनिवारी रात्री अकरा ते एक, दोन तास. मराठी आणि महाराष्ट्रातल्या इतर बोली-भाषांतलं, सिनेमाबाहेरचं संगीत. दर आठवड्याला निवड करणारा वेगळा: एकदा शाहीर, एकदा मेटलवाली, एकदा तमाशातली ढोलकी वाजवणारा. गाण्याला रीतसर मानधन, फुकटात ‘एक्स्पोजर’ नको. दूरदर्शनच्या संग्रहातलं जुनं ध्वनिमुद्रण मधे मधे. यात न परवडण्यासारखं काय आहे ते कोणीतरी मला आकड्यांत दाखवावं.

आकडे मागायची सोय आहे. प्रसार भारती माहिती अधिकारात येते, अर्जाचं शुल्क 10 रुपये. विचारायचं एवढंच: गेल्या वर्षभरात रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत सह्याद्रीवर एकूण किती तास संगीत दाखवलं, त्यातलं नवं किती आणि पुनःप्रक्षेपण किती, सिनेमाबाहेरचं किती, आणि कलाकारांना एकूण किती मानधन दिलं. मी या आठवड्यात अर्ज टाकतोय. मसुदा हवा असेल त्याने मेसेज करा, नाव बदलून तुमच्या नावाने टाका. एका अर्जाला उत्तर टाळता येतं, पन्नास आले की फाईल टेबलावर येते.