सीट खाली केली की झालं?

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, मला नाही जमत गं ती सायकल. बाबांना सांग ना, विकून टाका म्हणून."

वय वर्षं चौदा, उंची चार फूट दहा इंच. दोन महिन्यांपूर्वी हीच पोरगी नव्या सायकलीसाठी घरभर नाचत होती. गिअरवाली, जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली 'एमटीबी' हवी होती तिला. मिळाली. फ्रेम अठरा इंची. दुकानदार म्हणाला होता, "वाढतं वय आहे जी, घेऊन जा न. काही नाही होत. सीट खाली करून देतो."

"सीट खाली करून देतो" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आज त्याच्यावरच लिहिणार आहे. घरच्या मंडळींना हे पुराण पाठ आहे, त्यांनी वाटल्यास दोन परिच्छेद सोडून द्यावेत. पण शेवट वाचा, तिथे तुमचं काम आहे.

आधी माझी गोष्ट. माझी उंची चार फूट अकरा. काही वर्षांपूर्वी मीही अशीच एक सायकल घेतली. नागपुरात कुठे आले डोंगर, असं पुण्याची मंडळी हसून विचारतात. डोंगर नसतील, पण सेमिनरी हिल्सचा चढ आहे, गोरेवाड्याकडचे कच्चे रस्ते आहेत, आणि उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला निघालं तर ऊन तापायच्या आत छान फेरी होते. मी तीन दुकानं फिरले. तिन्हीकडे त्याच दोन मापांच्या सायकली, एक मोठी आणि एक त्याहून मोठी. तिसऱ्या दुकानात थकले आणि घेतली. सीट अर्थातच खाली करून मिळाली!

महिनाभरात गोरेवाड्याकडच्या मुरमाच्या चढावर अचानक थांबावं लागलं. सीटवरून पुढे उतरले, पाय टेकवायला गेले, तर जमीन होती तिथे नव्हती. आधी दांडा लागला, मग मी सायकलसकट आडवी. कुठे लागलं ते लिहीत नाही, बायकांना कळेल. पुरुषांना तर जास्तच कळेल :-) मनगट सुजलं ते वेगळंच. त्यानंतर वर्षभर सायकल बाल्कनीत उभी होती आणि मी सगळ्यांना सांगत होते, "मला नाही जमत बाई ते."

भाची परवा अगदी हेच म्हणाली. म्हणून पोटात तुटलं.

आता जरा हिशेब बघा. त्या सायकलीचा दांडा जमिनीपासून ७६ सेंटिमीटरवर होता. माझ्या पायांची आतली लांबी ६८, बूट घालून फार तर ७०. म्हणजे दोन्ही पाय टेकवून उभं राहणं अशक्यच होतं. कच्च्या रस्त्यावर चालवायच्या सायकलीत दांडा आणि शरीर यांत निदान पाच सेंटिमीटर मोकळे हवेत असं सांगतात. माझ्याकडे उणे सहा होते! यात माझ्या धाडसाचा, वयाचा किंवा सरावाचा काय संबंध?

आणि सीट खाली केल्यानं नेमकं काय होतं? फक्त सीट खाली जाते. दांडा असतो तिथेच राहतो. हँडल तेवढंच उंच आणि जवळपास तेवढंच लांब राहतं. उलट सीट प्रमाणाबाहेर खाली गेली की पेडल मारताना गुडघे पोटाशी येतात, पाय पुरता सरळ होत नाही, चढावर जोर लागत नाही आणि तासाभरात गुडघे बोलायला लागतात. सीटची उंची पायाच्या लांबीवरून ठरवायची असते. मोठी फ्रेम लहान करायचा तो उपाय नव्हे. शर्ट मोठा झाला म्हणून बाह्या दुमडल्या तर खांदे थोडेच बसतात?

आमच्या लहानपणी तासावर सायकल मिळायची, आठवतं? त्या भाड्याच्या दुकानात लहान, मधल्या, मोठ्या अशा सायकली ओळीनं लावलेल्या असत. दुकानातले काका पोराकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघायचे आणि म्हणायचे, "तू ती लाल घे." मोठीसाठी हट्ट केला तर देत नसत, कारण पोरगं पडलं तर सायकल त्यांची मोडणार होती. पन्नास पैशांच्या गिऱ्हाइकाची उंची बघणारा माणूस होता तो. आज वीस-पंचवीस हजार मोजणाऱ्याची कोणी बघत नाही.

घरची सायकल मात्र आजोबांची, काळी, चोवीस इंची फ्रेमची. ती आम्ही कैची मारून शिकलो, दांड्याखालून पाय घालून, वाकडंतिकडं लटकत. त्या आठवणीनं सगळ्यांचे डोळे पाणावतात. माझेही! पण खरं सांगा, कैची ही काय गंमत होती? मापाची सायकल घरात नव्हती म्हणून शोधलेली ती तडजोड होती. त्या तडजोडीचं इतकं कौतुक झालं की वस्तूनं माणसाच्या मापाची असावं हे मागायचंच आपण विसरलो.

दुकानदार म्हणतात, लहान माप खपत नाही. दुकानात ठेवलंच नाही तर खपेल कसं? आणि 'लहान' कोणाला म्हणताय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास निघते, म्हणजे जेमतेम पाच फूट. देशातल्या साधारण निम्म्या बायका त्याहून बुटक्या. मग मी अपवाद कशी? गावातल्या सरासरी बाईला न बसणारी सायकल दुकानाचं सर्वांत लहान माप असेल, तर चूक बाईच्या उंचीत आहे की दुकानदाराच्या मागणीपत्रकात?

दुसरा सल्ला येतो, "लेडीज घ्या न ताई." लेडीज सायकलबद्दल माझ्या मनात आदरच आहे. दांडा खाली आणला की साडीतली बाईही सायकल चालवू शकते, हे त्या फ्रेमनं दाखवलं. खेड्यापाड्यांतल्या मुली त्याच सायकलीवर शाळेत पोचल्या. पण बास्केटवाली, बिनगिअरची, जड सायकल घेऊन मी मुरमाच्या चढावर काय करू? नाहीतर म्हणतात, "पोरांची चोवीस इंची चाकाची घ्या." त्यातल्या बऱ्याच स्वस्त सायकलींत पुढचं शॉकअप शोभेचं आणि वजन माझ्या निम्म्याला.

आणि ही फक्त बायकांची तक्रार नाही. आमचा दादा पाच फूट तीन इंच. त्यानं एकोणीस इंची फ्रेम घेतली, कारण लहान फ्रेम मागायची लाज वाटली. आता पाठ दुखते म्हणून बाम लावतो. (दादा, सॉरी, पण लिहिणारच होते.)

बाहेर हा प्रश्न फार आधी कोणीतरी मनावर घेतला. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईनं स्वतः फ्रेमा जोडायला सुरुवात केली आणि १९८५ मध्ये बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनी काढली. लहान फ्रेमला मोठं चाक लावलं की वळताना पायाची बोटं पुढच्या चाकाला घासतात. तिनं सरळ पुढचं चाक लहान केलं, चोवीस इंची. दिसायला विचित्र, पण बसायला नेमकी. आपल्याकडे मात्र एमटीबीची चाकं सव्वीसवरून साडेसत्तावीस, एकोणतीस अशी मोठी होत गेली आणि त्याबरोबर हँडलही वर गेलं. उंच माणसाला फायदा झाला, आमच्यासारख्यांची फ्रेम शोधणं आणखी अवघड झालं.

शेवटी मला माझी सायकल मिळाली. पुण्याच्या मैत्रिणीनं जुनी शोधून दिली आणि महाराष्ट्र एक्सप्रेसनं पार्सल होऊन ती नागपूरला आली. साडेतेरा इंची फ्रेम, सव्वीसची चाकं, दांडा ६४ सेंटिमीटरवर. पहिल्यांदा दांड्यावर उभी राहिले आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या, तेव्हा खरंच रडू आलं. त्याच गोरेवाड्याच्या चढावर आता मी थांबते, पाणी पिते, पुन्हा निघते. मी तीच आहे, पायही तेच.

तर घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. भिंतीला टेकून उभं राहा, पायांमध्ये पुस्तक घट्ट वर धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. मग दुकानात टेप घेऊन जा आणि दांड्याची उंची मोजा. फ्रेमवरच्या 'स्मॉल'वर विश्वास ठेवू नका, एका कंपनीचं स्मॉल ते दुसरीचं मीडियम असतं. बसून हँडल धरा, कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं. ब्रेकपर्यंत बोटं पोचतात का बघा, बहुतेक ब्रेकना मूठ जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो. क्रँक १७० ऐवजी १६५ मिलिमीटरचा किंवा त्याहून आखूड मिळाला तर उत्तम. आणि कोणी "सीट खाली करून देतो" म्हणालं की टेप गुंडाळून बाहेर पडा.

असो. भाऊजी, वाचत असाल तर सायकलची पावती शोधून ठेवा. रविवारी सकाळी मी टेप घेऊन येते. आपण दुकानात जाऊ आणि बदलून मागू. नाही बदलली तर विकू, पण दुसरी मापाची घेईपर्यंत तिला माझी चालवू दे. तिला एवढंच सांगा, की तुला जमत नाही असं काही नाहीये. तुझ्या मापाची सायकल अजून तुला कोणी दिलीच नाहीये.