चालू दुकानावर चाचणी नको

वर्डप्रेसवर उभ्या केलेल्या दुकानाच्या वेबसाइटला जीएसटी बिलाचे, पैसे भरण्याचे किंवा घरपोच मालाचे नवे प्लगइन जोडायचे, आणि त्याची चाचणी चालू दुकानावरच घ्यायची, ही सवय मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, मग शिलाई मारतो. वेबसाइट बनवणारा मात्र ईदच्या तोंडावर नवे प्लगइन थेट चढवतो, पान कोरे पडते आणि कारंज्याचे गिऱ्हाईक अकोल्याच्या दुकानातून माल मागवते. नुकसान मालकाचे, बनवणाऱ्याचे पैसे तोवर चुकते झालेले असतात.

यावर उपाय कंटेनरचा आहे. (न्हावाशेवा बंदरातला नव्हे, पण कल्पना तीच.) २०१३ साली आलेल्या डॉकरमुळे ही पद्धत सर्वत्र पसरली. वेबसाइट आणि तिला लागणारी पीएचपीची नेमकी आवृत्ती बंद खोक्यात भरायची. तेच खोके बनवणाऱ्याच्या संगणकावर आणि भाड्याच्या सर्व्हरवर सारखे चालते. "माझ्याकडे तर चालत होते" ही सबब मग फारशी टिकत नाही. पीएचपी ७.४ ची देखभाल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली. जुने प्लगइन नव्या आवृत्तीवर चालते का, हे दोन खोकी शेजारी मांडून पाहता येते, दुकानाला हात न लावता.

पुण्याच्या आरटीकॅम्पचे ईझीइंजिन २०१८ मधील चौथ्या आवृत्तीपासून डॉकरवरच वर्डप्रेस चालवते आणि ते विनामूल्य आहे. वाशीम, मंगरूळपीर, रिसोडच्या चार-पाच दुकानदारांनी मिळून एक सर्व्हर घेतला तरी खोकी वेगळी राहतात. एकाच्या गर्दीने दुसऱ्याचे दुकान अडू नये म्हणून प्रत्येकाला मेमरीची मर्यादा घालता येते. मात्र खाली सर्व्हरचा गाभा एकच असतो, म्हणून खोके म्हणजे तिजोरी नव्हे. सदोष प्लगइन खोक्यातही सदोषच. आणि ज्याला फक्त पत्ता व फोन क्रमांक दाखवायचा आहे, त्या कारागीर बांधवाने या खटाटोपात पडूच नये.

एक गोष्ट मात्र ठरवून विचारावी. खोके काढून टाकले की त्याच्या आत लिहिलेले सारे जाते. गिऱ्हाइकांची खाती, ऑर्डरी आणि उधारीची नोंद खोक्याबाहेरच्या व्हॉल्यूममध्ये ठेवली आहे का, रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी जाते का आणि ती परत चढवून कधी पाहिली, याचे उत्तर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कागदावर घ्यावे.