मात्रेचा आकडा आणि रोग्याचा शब्द

कित्येक विद्वान डॉक्टरांच्या मुखातून अलीकडे एक सिद्धान्त मोठ्या आत्मविश्वासाने ऐकू येतो. तो असा की, जुनाट वेदनेवर वर्षानुवर्षे अफूच्या जातीची औषधे देणे ही चूक होती. ती आता कळली आहे. तेव्हा ज्यांना ती चालू आहेत त्यांची बंद केली म्हणजे प्रश्न मिटला. ह्या सिद्धान्ताचा पूर्वार्ध बव्हंशी खरा आहे. उत्तरार्ध मात्र आमच्या मते चुकीचा, आणि चुकीचा असून निर्दयही आहे.

हा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला, म्हणून प्रथम तिकडेच पाहिले पाहिजे. १९८० साली तेथील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात असताना अशी औषधे मिळालेल्या ११,८८२ रोग्यांपैकी केवळ चौघांना व्यसन जडल्याचे आढळले, इतकेच त्यात होते. रुग्णालयातील हा दाखला पुढे घरी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांना लावण्यात आला, आणि सहाशेंहून अधिक लेखांनी त्या पत्राचा उल्लेख केला. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले आणि विकणाऱ्यांनी डॉक्टरांना निर्धास्त केले. व्यसनाच्या धोक्याविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यू कंपनीच्या वतीने न्यायालयात कबूल झाला तो २००७ मध्ये. तोवर कित्येक घरांतील दिवे विझून गेले होते.

दोष केवळ विक्रेत्यांचा होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. औषधाची चिठ्ठी लिहावयास एक मिनिट पुरते. पण समोर कंबर धरून बसलेल्या माणसाला रात्री झोप लागते काय, त्याला काम झेपते काय, घरी त्याचे कसे चालले आहे, हे विचारावयास अर्धा तास लागतो. डॉक्टरांनी ह्या अर्ध्या तासाच्या बदल्यात गोळी दिली, हे मूळ पाप होय.

त्यानंतर प्रायश्चित्त सुरू झाले, आणि ते भोगावे लागले रोग्यांना! २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने असा सल्ला दिला की, दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या बरोबरीची मात्रा शक्यतो गाठू नये. गाठावयाची तर सबळ कारण असावे. कर्करोगावर उपचार घेणारे आणि मरणोन्मुख रोगी त्यातून वगळलेले होते. हा सल्ला होता, कायदा नव्हता. परंतु विमा कंपन्या, औषधांची दुकाने आणि कित्येक राज्यांची सरकारे ह्यांनी उंटावरून शेळ्या हाकण्यास आरंभ केला, आणि सल्ल्यातील आकडा दगडावरची रेघ झाला. दहा-दहा वर्षे एकाच मात्रेवर संसार व नोकरी सांभाळणाऱ्या माणसांची औषधे एकाएकी तोडण्यात आली. अखेर एप्रिल २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला की, असे अचानक बंद केल्याने असह्य वेदना, मानसिक क्लेश आणि आत्महत्या ओढवतात. २०२२ च्या सुधारित सल्ल्यात तो आकडा शिफारशींतून गळाला. पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

प्रतिपक्षाचा एक आधार आम्ही नाकारीत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, २४० रोग्यांवरील वर्षभराच्या चाचणीत पाठीच्या, तसेच गुडघ्याच्या व खुब्याच्या जुनाट वेदनेवर ही औषधे इतर औषधांहून सरस ठरली नाहीत. म्हणून नव्या रोग्याला ती देताना शंभरदा विचार करावा, हे निर्विवाद. पण आधीपासून दीर्घकाळ ती घेणारे रोगी त्या चाचणीत घेतलेलेच नव्हते! ज्याचे शरीर त्या औषधाला सरावले आहे तो व्यसनी असतोच असे नव्हे. शरीराची सवय निराळी, आणि सर्वस्वाची राख करून औषधामागे धावणारे व्यसन निराळे. हा भेद न करता मात्रा तोडणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे होय.

ह्या भयातून डॉक्टर व रोगी ह्यांच्या नात्याचे काय झाले, ते पाहा. तिकडे अशा रोग्याकडून करारनाम्यावर सही घेतात, त्याच्या लघवीची तपासणी करतात, गोळ्या मोजून पाहतात. सावधगिरी हवी, हे कबूल. परंतु ज्याला प्रत्येक भेटीत आपण चोर नाही हे सिद्ध करावे लागते, तो आपली खरी अवस्था सांगेल कशी? आणि रोगी खरे सांगत नसेल, तर तपासण्या कितीही केल्या तरी वैद्य आंधळाच राहिला.

हे परक्यांचे दुखणे म्हणून आपण स्वस्थ बसू नये. आपल्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने कर्करोगाने तळमळणाऱ्यांनाही मॉर्फिन दुर्मिळ झाले, आणि कायद्यात सुधारणा होण्यास २०१४ साल उजाडावे लागले. तिकडे आधी औदार्याने व मग भयाने, इकडे केवळ भयाने; पण दोन्हीकडे रोग्याचा शब्द कोणी ऐकलाच नाही.

औषध कमी करावयाचे असेल तर ते रोग्याच्या संमतीने, महिनोन्‌महिने हळूहळू, आणि मध्येच वेदना बळावल्यास थांबून करावे. चालू ठेवावयाचे असेल तर डोळे उघडे ठेवून ठेवावे. दोहोंसाठी लागतो तो वेळ आणि विश्वास. तो देण्याची ज्याची तयारी नाही, त्याने गोळी दिली काय आणि काढून घेतली काय, त्याने वैद्यकी केली असे आम्ही म्हणणार नाही.