पेटी कोणाची, किल्ली कोणाची?

पुण्यातील सर्वसामान्य कुटुंबांत सध्या एक साधा वाटणारा प्रश्न विचारला जातो. भिंतीवर बऱ्यापैकी दूरचित्रवाणी संच आहे. कपाटात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या ध्वनिचित्रफिती आहेत. त्या संगणकावर उतरवून घरातल्या कोणीतरी पेन ड्राइव्हमध्ये भरून आणल्या आहेत. त्या मोठ्या पडद्यावर पाहता याव्यात, जोडीला इंटरनेटवरचा एखादा चित्रपटही दिसावा, यासाठी खिशाला परवडणारी कोणती पेटी घ्यावी? बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात दहा दुकाने पालथी घातली जातात. चार खोक्यांच्या किमती विचारल्या जातात. सर्वांत स्वस्त खोके पिशवीत पडते आणि प्रश्न मिटला असे घरातील मंडळी मानतात.

वस्तुतः प्रश्न तेथेच सुरू होतो. महागाई, बेकारी आणि निवाऱ्याचे प्रश्न आ वासून उभे असताना कार्यकर्त्यांनी दूरचित्रवाणीच्या पेटीची चर्चा करावी काय, अशी शंका काही ज्येष्ठ सहकारी घेतील. त्यांच्या मते ही चैन आहे, आणि चैनीच्या वस्तूला राजकारण नसते. ही समजूत चुकीची आहे. श्रमिकाच्या घरात रात्री दोन-तीन तास जी वस्तू बोलते, दाखवते आणि आता तर पाहतेही, ती वस्तू कोणाच्या हुकमाने चालते, हा मालकीचा प्रश्न आहे. आणि मालकीचा प्रश्न ज्यांना राजकारणाचा वाटत नाही, त्यांच्याजवळ समाजवादाचे केवळ नाव उरते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ते चित्र पुण्यात दिसू लागले. त्या दूरदर्शनवर टीका करण्यासारखे पुष्कळ होते. ते सरकारी होते, सत्ताधाऱ्यांची आरती ओवाळणारे होते, आणीबाणीत तर त्याची पुरती शोभा झाली. परंतु त्या संचाचा एक गुण तेव्हा कोणाच्या लक्षातही आला नाही, कारण तो गृहीतच होता. तो संच केवळ घेत असे, देत काहीच नसे. कोणत्या घरात कोण किती वेळ काय पाहतो, हे सिंहगडावरच्या मनोऱ्याला कळण्याची सोय नव्हती. प्रेक्षक निनावी होता, आणि त्या निनावीपणातच त्याचे एक मोठे स्वातंत्र्य होते.

आजची पेटी इंटरनेटला जोडलेली आहे, म्हणजे तिचा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीचे १ कोटी १० लाख संच मालकांच्या संमतीवाचून पडद्यावरचे चित्र टिपून त्याची माहिती कंपनीला पुरवीत असल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने केला आणि २०१७ मध्ये कंपनीला २२ लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की असे संच इंटरनेटवरचाच कार्यक्रम टिपतात असे नाही; दुसऱ्या यंत्रातून पडद्यावर आलेले चित्रही त्यांना ओळखता येते. पेटी स्वस्त का मिळते, याचे अर्धे उत्तर येथे आहे. किमतीचा एक हिस्सा ग्राहक दुकानात देतो. दुसरा हिस्सा तो रोज संध्याकाळी, नकळत, आपल्या सवयींच्या रूपाने देत राहतो.

उरलेले अर्धे उत्तर याहून गंभीर आहे. ज्या खोक्यावर उत्पादकाचे धड नाव नाही, आणि ‘सर्व वाहिन्या फुकट’ असे ज्याच्याविषयी सांगितले जाते, त्या पेटीत काय भरलेले असते? डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने सुमारे ३० हजार उपकरणांचा चोरटा संपर्क तोडला. ती विकली जाण्यापूर्वीच त्यांत ‘बॅडबॉक्स’ नावाची घातक प्रणाली घातलेली होती. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच स्वस्त पेट्यांविषयी जाहीर इशारा दिला, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने न्यायालयात धाव घेताना अशा उपकरणांची संख्या १ कोटीहून अधिक असल्याचे सांगितले. या पेट्या घरमालकाच्या इंटरनेट जोडणीतून परक्यांची रहदारी चालवितात. म्हणजे दूर कोठेतरी बसलेला भामटा एखाद्या कष्टकऱ्याच्या घराचा पत्ता पांघरून आपला उद्योग करतो, आणि चौकशीचा धागा येऊन पोचतो तो त्या कष्टकऱ्याच्या उंबरठ्याशी. दोन-तीन हजार रुपये वाचविल्याच्या समाधानात असलेल्या कुटुंबाला याची गंधवार्ताही नसते.

मग नामांकित कंपनीची पेटी घेतली की काम भागले काय? तेथे चोरी नसेल, परंतु जमीनदारी आहे. दूरचित्रवाणीसाठीची अँड्रॉइड प्रणाली पुरविताना गूगल उत्पादकांवर आपल्या सर्व ॲपची मोट एकत्र लादते आणि त्या प्रणालीचे वेगळे रूप वापरण्यास आडकाठी करते, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेली होती. एप्रिल २०२५ मध्ये ती २० कोटी २४ लाख रुपयांच्या तडजोडीवर मिटली आणि उत्पादकांना ॲपचे दुकान सुटे घेण्याची मुभा द्यावी लागली. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२५ मध्ये नवी स्वस्त फायर स्टिक जाहीर केली, तिच्यात कंपनीच्या दुकानाबाहेरून ॲप बसविण्याची वाटच ठेवली नाही. इकडे रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यम-व्यवसायांचे विलीनीकरण नोव्हेंबर २०२४ मध्ये पुरे झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या दोन सेवांची मिळून जिओहॉटस्टार ही एक सेवा झाली. ज्या उद्योगसमूहाची तार घरात येते, त्याचीच पेटी, त्याचाच कार्यक्रम आणि त्याचीच जाहिरात, अशी ही साखळी आहे. गिरणीच्या आवारातच मालकाचे किराणा दुकान असावे आणि पगाराचा पैसा तेथेच परत जावा, त्यातला हा प्रकार.

यावर बाजारपेठेचे वकील एक ठरीव युक्तिवाद करतात. ग्राहक सुजाण आहे, त्याला नको असेल तर त्याने घेऊ नये, असे ते म्हणतात. हे स्वातंत्र्य तपासून पाहावे. पेटी पहिल्यांदा सुरू करताना पडद्यावर इंग्रजीतील अटींची लांबलचक पाने येतात आणि त्यांच्याखाली ‘मान्य आहे’ हे बटण असते. ते दाबले नाही तर विकत घेतलेली वस्तू कपाटात ठेवावी लागते. भाडेकरूने करारनामा वाचायचा नाही, फक्त अंगठा उमटवायचा, याला संमती म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. न्यायालय, संसद आणि नियम यांच्यामध्ये आठ वर्षे गेली. तेवढ्या काळात पेट्या मात्र लक्षावधी घरांत जाऊन बसल्या.

तेव्हा, पेटी घ्यावयाचीच असेल तर ती कोणत्या कसोटीवर घ्यावी, हे कार्यकर्त्यांनी स्वतः समजून घेऊन वस्तीत सांगितले पाहिजे. पहिली कसोटी अशी : इंटरनेट न जोडता, कोणाला नाव-गाव न सांगता, खोबणीत पेन ड्राइव्ह घातला तर घरचे चित्रण दिसते काय? दिसत नसेल तर ती पेटी विकत घेतलेली नाही, भाड्याने आणलेली आहे. स्वतःच्या बहिणीच्या लग्नाचे चित्रण पाहण्यासाठी परदेशातील कंपनीची परवानगी लागावी, यासारखी अपमानास्पद गोष्ट नाही.

दुसरी कसोटी चित्राची. भारतातील जुने घरगुती चित्रण पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांचे असते. अनेक स्वस्त पेट्या पडद्याला सेकंदाला ६० या एकाच गतीने चित्र पाठवतात. हा हिशेब जुळत नाही, आणि वरातीतली माणसे अडखळत चालल्यासारखी दिसतात. पेटीच्या मांडणीत ५० ची गती निवडता येते काय, हे दुकानातच विचारावे. स्वतःचा पेन ड्राइव्ह सोबत न्यावा आणि पैसे देण्यापूर्वी लावून पाहावा.

तिसरी कसोटी जबाबदारीची. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता आणि भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. तो क्रमांक खरा की खोटा, हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येते. सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, हे विक्रेत्याला विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून मागावे. फुकट वाहिन्या आधीच भरून ठेवलेली पेटी कितीही स्वस्त असली तरी घरात आणू नये. आणि कोणतीही पेटी घरी आल्यावर तिच्या मांडणीत जाऊन जाहिरातींसाठी माहिती पुरविण्याच्या जेवढ्या परवानग्या काढून घेता येतात, तेवढ्या पहिल्याच दिवशी काढून घ्याव्यात.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि ती आशादायकही आहे. बाजाराबाहेरही एक वाट आहे. पॅरिसमधील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये ज्या प्रकल्पाला आरंभ केला, त्यातून व्हीएलसी हा मुक्त चलचित्र-चालक निघाला. २००२ मध्ये हौशी स्वयंसेवकांनी एका खेळाच्या यंत्रासाठी जे काम हाती घेतले, तेच २०१४ पासून कोडी या नावाने ओळखले जाते. या प्रणाल्या कोणा एका मालकाच्या नाहीत. त्यांची रचना कोणालाही वाचता येते, सुधारता येते, वाटता येते. कचेरीतून मोडीत निघालेला जुना संगणकही ‘लिब्रइलेक’ बसविल्यावर कोडीची पेटी होऊन संचाला जोडता येतो. नफ्याच्या प्रेरणेवाचून माणसे उत्तम वस्तू निर्माण करीत नाहीत, असे सांगणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे. ज्या तरुण कार्यकर्त्यांना संगणकाचे ज्ञान आहे, त्यांनी रविवारची एक सकाळ वस्तीतल्या घरांसाठी द्यावी. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून सामूहिक खरेदीची जी रीत घालून दिली, तिचाही येथे उपयोग आहे. वीस कुटुंबांनी मिळून एक पेटी आधी तपासावी आणि मगच वीस घ्याव्यात. एकटा ग्राहक दुकानदाराशी घासाघीस करतो. वीस ग्राहक अटी घालू शकतात.

तथापि घराघरांतील शहाणपणावर हा प्रश्न सुटणार नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे निवृत्तीनंतर पुण्यातच राहिले. त्या निकालाचा आशय आज तारेतून येणाऱ्या चित्रालाही लावला पाहिजे. प्रसार भारतीची फ्री डिश ही उपग्रहावरची सेवा २००४ पासून मासिक शुल्कावाचून चालू आहे; तिची पेटी एका दिशेची असल्याने ती घराची टेहळणी करू शकत नाही. तिच्यावरील जागांचा खासगी वाहिन्यांना लिलाव करण्यापेक्षा तिच्यात लोकांना हवे ते कार्यक्रम वाढविणे हे सरकारचे काम आहे. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वेव्हज’ ही इंटरनेटवरची सेवाही सुरू केली आहे. प्रेक्षकाची नोंद न ठेवता ती पाहता आली पाहिजे, अशी मागणी करावयास हवी. सार्वजनिक सेवेने खासगी सावकाराचे वळण गिरवू नये.

आणि पुण्याने तर आणखी एक मागणी हक्काने केली पाहिजे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून याच शहरात आहे. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून येथे आली आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ येथेच निर्माण झाला. चित्रपटावरील मालकी हक्काची कायद्यातील मुदत ६० वर्षांची. ‘संत तुकाराम’ची ती केव्हाच संपली आहे. ज्या चित्रपटांची मुदत संपली ते जनतेचे झाले. मग जनतेच्या पैशाने जपलेले हे धन चांगल्या प्रतीत, विनाशुल्क, कोणत्याही पेटीवर चालेल अशा रूपात घरोघर का पोचू नये? महापालिकेच्या वाचनालयांतून पेन ड्राइव्हवर ते का भरून मिळू नये?

स्वस्त पेटी मागणारा माणूस चैन मागत नाही. दिवसभर राबून आलेल्या कुटुंबाला घटकाभर एकत्र बसून आपल्या माणसांचे चेहरे पाहावेसे वाटणे, एखादा चांगला चित्रपट पाहावासा वाटणे, हा त्याचा अधिकार आहे. त्या घटकेचीही कोणी मोजदाद करावी आणि ती विकावी, हे निमूटपणे सोसण्याचे कारण नाही. पेटी घेताना किंमत जरूर विचारावी; परंतु त्याआधी तिची किल्ली कोणाकडे राहणार, हे विचारावे. आणि ती किल्ली घरात राहील असा कायदा होईपर्यंत हा प्रश्न वस्तीतून सभेत आणि सभेतून विधिमंडळात नेणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.