सहा महिने कोणासाठी?

'दर सहा महिन्यांनी दात दाखवा' हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीवरही असते आणि टूथपेस्टच्या जाहिरातीतही. याला शास्त्राचा आधार आहे का, असा प्रश्न ऑब्री शीहॅम या दंतवैद्याने १९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये विचारला, तेव्हा ठोस उत्तर कोणाकडे नव्हते. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००४ मध्ये सरसकट सहा महिन्यांचा नियम बाजूला ठेवला: प्रौढांना धोका पाहून तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, अठरा वर्षांखालच्यांना फार तर वर्षाने. पुढे तिथल्याच चार वर्षांच्या चाचणीत, ज्यांना दोन वर्षांचे अंतर चालेल असे डॉक्टरांना वाटले, त्यांचे दात सहामाही येणाऱ्यांपेक्षा फारसे बिघडलेले दिसले नाहीत.

हे वाचून आपण खूश होण्याचे कारण नाही. चाचणीतली ती माणसे मुळातच नेमाने दवाखान्यात जाणारी होती. आपल्याकडे दाढ ठणकली की आधी लवंगेच्या तेलाचा बोळा, मग वेदनाशामक गोळी, आणि रात्र बसून काढावी लागली की दवाखाना. दाताच्या वरच्या कवचात संवेदना नसते, त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत दुखतच नाही. खडूसारखा पांढुरका डाग असतानाच ती सापडली, तर फ्लोराइडने आणि गोड खाणे आवरून थोपवता येते. ठणका लागला म्हणजे बहुधा ती नसेजवळ पोचलेली असते. मग रूट कॅनाल तरी करा, नाही तर दाढ तरी काढा.

मिश्री लावणारे, तंबाखूचा बार भरणारे, मधुमेही, तोंड कोरडे पडणारी औषधे घेणारे, आधीच दोन-चार दातांत सिमेंट भरलेले, यांनी सहा महिनेही थांबू नये. धडधाकट हिरड्यांच्या, कीड नसलेल्या माणसाला वर्ष-दीड वर्ष चालेल, पण ते डॉक्टरांनी तोंड पाहून ठरवायचे. पुढची तारीख कोणती आणि तीच का, हे खुर्चीवरून उठण्याआधी विचारायला संकोच कसला?

मुलांच्या बाबतीत मात्र एवढी सवड नको. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. ती किडली तरी 'पडेल आपोआप, नवी येईल' म्हणून सोडून देतात. ती कायमची असते.